कलाशिक्षक व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे फोन आणि निरोप सुरू होतात. कुणाची मुलगी, कुणाचा पुतण्या, कधी स्वतः विद्यार्थी. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते आणि आमच्या शाळेत सराव पाठ घ्यायला येणाऱ्या छात्राध्यापकांचे पाठही पाहते. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. माहिती मुख्यतः महाराष्ट्रातली आहे. बाहेरच्यांसाठी प्रश्न १३ पाहा.

१. शाळेत चित्रकला शिकवायला नेमका कोणता कोर्स करावा लागतो?

महाराष्ट्रात माध्यमिक शाळेच्या चित्रकला शिक्षकासाठी सगळ्यात सरळ वाट म्हणजे ए.टी.डी., म्हणजे कला शिक्षक पदविका. दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम. तो कला संचालनालयाच्या चौकटीतला. हे संचालनालय १९६५ साली स्थापन झालं. त्याआधी ही सगळी व्यवस्था मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेच्या आधाराने चालायची. तिथे चित्रकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सुरुवात १८९३ची आहे, म्हणजे हा पेशा आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुना.

जुन्या शिक्षकांच्या नावापुढे डी.टी.सी., डी.एम. अशी अक्षरं दिसतील. त्या आधीच्या काळातल्या पात्रता. आजच्या विद्यार्थ्याने त्यांच्या मागे लागू नये.

ए.टी.डी.नंतर एक वर्षाची डिप.ए.एड., म्हणजे कला शिक्षणातली पुढची पदविका करता येते. बी.एफ.ए. (ललितकलेची पदवी) किंवा जी.डी. आर्ट (कलेतली शासकीय पदविका) झालेल्यांनाही शाळेकडे वळायचं असेल तर हीच जोड उपयोगी पडते (प्रश्न ४).

२. प्रवेशाला दहावी चालते की बारावी? इंटरमिजिएट दिलेली नसेल तर?

दहावीवर ए.टी.डी. झालेले शिक्षक तुमच्या गावात असतील, पण त्यांचा काळ वेगळा होता. तुमची बारावी पूर्ण असेल आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षा (शाळकरी मुलांच्या शासकीय चित्रकला परीक्षांतली एलिमेंटरीनंतरची दुसरी) हातात असेल, असंच नियोजन करा. बारावीला शाखा कोणती होती याने फारसं अडत नाही. मी पाहिलेल्या चांगल्या छात्राध्यापकांत एक विज्ञान शाखेची मुलगी होती. भूमितीचा पेपर ती बाकी वर्गाला समजावून द्यायची.

शाळेत असताना इंटरमिजिएट राहून गेली असेल तर ती नंतरही देता येते. जवळच्या ज्या शाळेत परीक्षेचं केंद्र असतं तिथल्या कलाशिक्षकांना भेटा. मात्र परीक्षा पावसाळ्याच्या शेवटी असते आणि फॉर्म त्याच्या बरेच आधी भरले जातात, त्यामुळे प्रवेशाच्या आदल्या वर्षीच जागे व्हा. प्रवेशाच्या अटींसाठी त्या-त्या वर्षाची माहितीपुस्तिका हाच एकमेव आधार. मैत्रिणीने गेल्या वर्षी सांगितलेलं नव्हे.

३. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमध्ये असतं तरी काय?

एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी रंगवलेलं स्थिरचित्र येतं आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. निकाल ए, बी, सी अशा श्रेणीत लागतो. दहावीला इंटरमिजिएटचे वाढीव गुण मिळतात: ए श्रेणीला ७, बीला ५, सीला ३.

या गुणांमुळे परीक्षेला गर्दी होते, आणि त्यातून एक दुखणंही जन्माला आलं आहे. त्यावर प्रश्न ८ मध्ये लिहिलं आहे.

४. ए.टी.डी. करू की बी.एफ.ए.? घरचे म्हणतात पदवीच हवी.

घरचे चुकत नाहीत, पण पदवी आणि प्रशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बी.एफ.ए. चार वर्षांची. राज्याच्या सीईटी कक्षाची कला प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं. तिथे तुम्ही चित्रकार, शिल्पकार किंवा उपयोजित कलाकार म्हणून घडता. हात, नजर, विचार यांना चार वर्षं मिळतात, ही फार मोठी गोष्ट. पण सातवीच्या साठ मुलांपुढे उभं कसं राहायचं, हे तिथे कुणी शिकवत नाही.

ए.टी.डी.त उलट. दोन वर्षांत स्वतःच्या कलेला वेळ कमी, पण वर्गात उभं राहण्याची सवय लागते.

माझं मत विचाराल तर, ज्याला शाळेतच जायचं आहे आणि घरची परिस्थिती लवकर कमावण्याची आहे, त्याने ए.टी.डी. करावी आणि पदवी पुढे मिळवावी. ज्याला चार वर्षं परवडतात त्याने बी.एफ.ए. करून मग डिप.ए.एड. करावी, त्याला केंद्रीय शाळांचे दरवाजेही उघडे राहतात (प्रश्न ११). नुसती बी.एफ.ए. करून अनुदानित मराठी शाळेत अर्ज केला आणि प्रशिक्षित नाही म्हणून मागे पडला, अशी मुलं मी पाहिली आहेत.

५. दोन वर्षांत करतात काय? नुसतीच चित्रं?

चित्रं तर आहेतच: स्थिरचित्र, निसर्गचित्र, मानवाकृती, संकल्पचित्र, यथार्थदर्शन (जवळचं मोठं, लांबचं लहान दाखवण्याचं तंत्र), अक्षरलेखन. शिवाय मातीकाम, कागदकाम यांसारख्या हस्तकला, कलेचा इतिहास, शैक्षणिक मानसशास्त्र, शाळा व्यवस्थापन. फळ्यावर खडूने रेखाटन करण्याचा वेगळा सराव असतो आणि तो कमी लेखू नका. कागदावर मनगट फिरतं, फळ्यावर खांदा फिरावा लागतो. वर्गाकडे पाठ न करता, कडेला उभं राहून, बोलत-बोलत रेघ ओढायची. हे जमायला महिने लागतात.

आणि सगळ्याच्या मध्यभागी सराव पाठ. पाठाचं टाचण काढायचं: उद्दिष्ट काय, साहित्य काय, प्रस्तावनेला कोणते प्रश्न, फळ्यावर काय, मुलं काय करणार, शेवटी मूल्यमापन कसं. ते मार्गदर्शकांकडून तपासून घ्यायचं आणि मग खऱ्या शाळेत, खऱ्या वर्गात पाठ घ्यायचा. मागच्या बाकावर कुणीतरी वही घेऊन बसलेलं असतं.

गेल्या वर्षी तिथे मी बसले होते. मुलगा तयारीचा, टाचण सुंदर, साधनं नीट. विषय होता 'पानाफुलांचं संकल्पचित्र'. एका मुलीची पाकळी वाकडी होत होती. तो तिच्याशेजारी वाकला, तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि तीन रेघांत पाकळी सुबक करून दिली. चांगल्या मनानेच केलं त्याने. मुलगी हात मांडीवर घेऊन बसली, ती तास संपेपर्यंत. पुढे तिने काहीच काढलं नाही. कागद गोळा केले तेव्हा बाकी सगळ्यांवर नावं होती, तिच्या कागदावर नाव नव्हतं.

पाठानंतर मी त्याला तेवढा एक कागद दाखवला. त्या दोन वर्षांत तुम्ही एकच गोष्ट शिकणार असाल तर ती ही शिका: मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवायची नाही. दाखवायचं असेल तर फळ्यावर दाखवा, आपल्या वहीच्या कोपऱ्यात दाखवा, हवेत बोट फिरवून दाखवा.

६. माझा स्वतःचा हात फार चांगला नाही. तरी कलाशिक्षक होता येईल का?

हो. पण नजर घडवावी लागेल, त्याला पर्याय नाही.

एक उदाहरण देते. आठवीच्या वर्गापुढे मातीचा माठ ठेवा. निम्म्याहून जास्त मुलं माठाचं तोंड लंबवर्तुळ काढतील, त्याची दोन्ही टोकं डोळ्यासारखी टोकदार असतील, आणि माठाचं बूड मात्र पट्टीने मारल्यासारखं सरळ. ज्या शिक्षकाचा फक्त हात चांगला आहे तो म्हणेल, 'चुकलं, असं काढ.' ज्याची नजर घडली आहे तो विचारात पडेल की सगळ्यांचं एकाच जागी का चुकतं. कारण मुलाने डोळ्याने पाहिलेलं नाही, डोक्यात होतं ते काढलं. माठ जमिनीवर टेकतो, जमीन सपाट, म्हणून बूड सरळ. त्याच्या बाजूने ते अगदी तर्काला धरून आहे.

मग काय करायचं? एक बांगडी घ्या. मुलाला एक डोळा मिटून ती आडवी, डोळ्याच्या पातळीत धरायला सांगा. बांगडीची नुसती रेघ दिसते. हळूहळू खाली न्यायला सांगा. रेघ उघडते, लंबवर्तुळ होतं, जितकी खाली जाते तितकं ते गोल होत जातं. आता विचारा, बांगडीला कुठे टोक दिसलं का? आणि माठाचं बूड तोंडापेक्षा खाली आहे, मग त्याची कड जास्त गोल हवी की कमी? वर्गात 'आँ' असा एक आवाज येतो. त्या आवाजासाठी मी अजूनही बांगडी घेऊन जाते.

हे करायला हात असामान्य लागत नाही. रोज अर्धा तास समोरची वस्तू पाहून रेखाटन करा, घरातली लोटी, पायपुसण्यावरची चप्पल, झोपलेली आजी. दोन वर्षांत हात नोकरीपुरता पुरेसा तयार होतो.

७. साठ-सत्तर मुलं, पस्तीस मिनिटांचा तास. रंगकाम होतं तरी कसं?

सगळ्यांचं एकदम होत नाही. पाणी, ब्रश, रंगाच्या बशा हे सगळं मांडण्यात दहा मिनिटं जातात आणि आवरण्यात दहा. मुख्याध्यापकांना भेटून आठवड्यातले दोन तास जोडून मागा. वेळापत्रक ठरण्याच्या आधी मागा, नंतर कुणी ऐकत नाही.

जोडतास मिळत नसेल तर रंगाचा हट्ट सोडा. खडू, पेन्सिल, कागदाचे फाडलेले तुकडे, ठसेकाम, यांनी रंगाची समज तितकीच येते. गावाकडच्या शाळेत गेरू, हळद, कोळसा, पालेभाजीचा रस हेही साहित्यच आहे. वारलीचं चित्र मुळात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने होतं. जिव्या सोमा मशे यांनी तेच कागदावर आणलं आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांना हे सांगा. महागडे रंग नाहीत म्हणून चित्र अडत नाही, हे त्यांना खरं वाटायला लागतं.

८. ग्रेड परीक्षांचा निकाल चांगला लावला की चांगला कलाशिक्षक, असंच समजतात ना?

समजतात. शाळेच्या फलकावर ए श्रेणीची संख्या लागते, पालक तीच विचारतात. मला या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचा आदर आहे. खेड्यातल्या मुलाच्या हातात कार्ट्रिज पेपर आणि नीट टोक केलेली पेन्सिल पहिल्यांदा दिली ती यांनीच. पण तयारी करून घेण्याची जी पद्धत पडली आहे ती मला बोचते.

स्मरणचित्राचंच घ्या. नावात स्मरण आहे, म्हणजे मुलाने पाहिलेलं आठवून काढायचं. प्रत्यक्षात 'बाजाराचं दृश्य' म्हटलं की पन्नास कागदांवर डावीकडे तेच झाड, उजवीकडे तीच भाजीवाली, आणि मध्ये पिशवी घेतलेली बाई, पाठमोरी. पाठमोरी का, तर चेहरा काढावा लागत नाही. हे चित्र मुलांकडून पाठ करून घेतलेलं असतं, पाढ्यासारखं.

प्रशिक्षणात असतानाच दुसरी सवय लावून घ्या. मुलांना रविवारी खऱ्या बाजारात पाठवा आणि फक्त तीन गोष्टी पाहून यायला सांगा: भाजीवाली बसते तेव्हा पाय कसे दुमडते, तराजू कोणत्या हातात धरते, सुटे पैसे कुठे ठेवते. सोमवारी चित्र काढायला लावा. रेघा वाकड्या येतील, पण पन्नास वेगळ्या बायका येतील. श्रेणीही जात नाही, मी अनुभवाने सांगते.

९. टीईटी, टेट, पवित्र पोर्टल: यातलं मला काय लागू?

टीईटी ही पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठीची पात्रता परीक्षा. तिच्या पेपरांत कला हा विषय नाही. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची, त्यातले १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. ती २०१७, २०२३ आणि २०२५ साली झाली. पवित्र पोर्टलवरची, म्हणजे शासनाच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरची, भरती तिच्या गुणांवर होते.

म्हणून ए.टी.डी.च्या दुसऱ्या वर्षापासून टेटची तयारी सुरू ठेवा. गणित आणि तर्कक्षमता यांना घाबरून आमची मुलं तिकडे फिरकत नाहीत आणि मग वर्षानुवर्षं पुढच्या चाचणीची वाट पाहतात. जाहिरात निघाली की पदाचं नाव, माध्यम, आरक्षण आणि पात्रतेचा रकाना स्वतः वाचा. आपल्या विषयाच्या जागा त्यात आहेतच असं गृहीत धरू नका.

१०. खरं सांगा, नोकरी मिळते का?

खरंच सांगते. अनुदानित शाळेत पूर्णवेळ कलाशिक्षकाची जागा मिळणं आज अवघड आहे.

कारण समजून घ्या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, पट शंभराच्या वर असेल तर, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक म्हटलं आहे. अंशकालीन, म्हणजे अर्धवेळ, हा शब्द पाहा. पुढे २८ ऑगस्ट २०१५च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मंजूर होतात त्याचे, निकष बदलले, पदं पटाशी बांधली गेली. पट घसरला की शाळा आधी भाषा, गणित, विज्ञान सांभाळते. निवृत्त झालेल्या कलाशिक्षकाची खुर्ची बऱ्याच ठिकाणी रिकामीच राहते आणि चित्रकलेचा तास ज्याला 'ऑफ' आहे त्याच्याकडे जातो.

जागा मिळालीच तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून जातात. माध्यमिकला जानेवारी २०२३ पासून हे मानधन दरमहा १८,००० रुपये आहे. त्यानंतर वेतनश्रेणी. नेमणुकीनंतर शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ (शासनाच्या पगाराच्या प्रणालीतला) क्रमांक या दोन गोष्टी हातात आल्याशिवाय पगार सुरू होत नाही.

इंग्रजी माध्यमाच्या, केंद्रीय मंडळाच्या खासगी शाळांत मागणी जास्त आहे. तिथे संगणकावरचं काम आणि बोलण्यापुरतं इंग्रजी लागतं. अनेक जण तासिका तत्त्वावर दोन शाळा आणि संध्याकाळी स्वतःचा वर्ग अशी सांगड घालतात. माझी पहिली सहा वर्षं अशीच गेली. हे सगळं माहीत असूनही यायचं असेल तर या, पण माहीत करून घेऊन या.

११. केंद्रीय विद्यालय किंवा नवोदयमध्ये ए.टी.डी. चालते का?

नुसती दोन वर्षांची पदविका तिथे पुरत नाही. केंद्रीय विद्यालयाच्या जाहिरातींत चित्रकला, शिल्प किंवा ग्राफिक कलेतली पाच वर्षांची पदविका किंवा समकक्ष पदवी, आणि हिंदी-इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान, अशी अट राहिली आहे. म्हणजे बी.एफ.ए. किंवा जी.डी. आर्टवाल्यांची वाट. तिकडे डोळा असेल तर प्रश्न ४चा निर्णय त्याप्रमाणे घ्या.

१२. संस्थाचालक 'देणगी' मागतात. द्यावी का?

देऊ नका. मी नोकरीच्या शोधात असताना एका संस्थेने मला जो आकडा सांगितला होता, तो ऐकून वडील जमीन विकायला निघाले होते. मी त्यांना थांबवलं. पुढे कळलं, त्या पदाला मान्यताच नव्हती. पैसे देणाऱ्याच्या हातात ना पावती असते, ना मान्यता. कुठेही रुजू होण्याआधी तीन कागद मागा: त्या वर्षाची संचमान्यता, पदाची बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं, याची नोंद) आणि भरतीची परवानगी. कागद दाखवायला टाळाटाळ झाली की उठून या.

१३. मी गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात राहतो. बाहेरची पदविका इकडे चालेल?

गोव्यात पणजीच्या आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय आहे, १९७२ पासूनचं, तिथून बी.एफ.ए. होते. बडोद्याच्या मराठी मंडळींना महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला विद्याशाखा घरचीच. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४च्या विनियमांत दृश्यकलेच्या शिक्षणाची दोन वर्षांची वेगळी पदविकाही आहे.

प्रश्न येतो तो महाराष्ट्रात अर्ज करताना. दुसऱ्या राज्यातली पदविका ए.टी.डी.शी समकक्ष आहे का, हे प्रवेश घेण्याआधी कला संचालनालयाकडून लेखी विचारून घ्या. 'घरी बसून सहा महिन्यांत कलाशिक्षक' अशा जाहिरातींना हाच नियम लावा. सराव पाठ नाहीत, तर ते शिक्षक-प्रशिक्षण नाही.

१४. बी.एड. केलं तर कलाशिक्षक होता येईल का?

बी.एड. हे भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र अशा विषयांच्या शिक्षकाचं प्रशिक्षण. ते ए.टी.डी.ची जागा घेत नाही. कला शाखेची पदवी, म्हणजे बी.ए., आणि चित्रकला यांची गल्लत मात्र दर वर्षी कुणीतरी करतं, म्हणून स्पष्ट लिहिते: बी.ए. बी.एड. म्हणजे कलाशिक्षक नव्हे.

१५. मला लाल-हिरवा नीट ओळखू येत नाही. हा पेशा माझ्यासाठी बंद आहे का?

प्रशिक्षण सुरू करण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि प्रवेशाच्या वैद्यकीय अटी वाचा. शिकवण्यापुरतं बोलायचं तर रेखाटन, मातीकाम, अक्षरलेखन, छायाप्रकाश यांत काही अडत नाही. रंगात अडतं, त्यावर शिस्त हा उपाय: बशीत रंगांचा क्रम कायम एकच ठेवायचा, नळीवरचं नाव वाचल्याशिवाय रंग काढायचा नाही, आणि आधी फिकट-गडद ठरवून मग रंगाकडे जायचं.

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाने मला एक गोष्ट शिकवली. तो पाचवीत असताना झाडाची पानं तपकिरी रंगवायचा आणि बाईंचा मार खायचा. त्याला ते दिसतच तसं होतं. मुलग्यांमध्ये हा दोष मुलींपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो, म्हणजे मोठ्या वर्गात एखादा असा असणार. तेव्हापासून मी जूनमध्ये पहिल्याच तासाला सगळ्यांना खडूच्या प्रत्येक कांडीवरच्या कागदावर रंगाचं नाव पेनाने लिहायला लावते. कुणासाठी, ते वर्गात सांगत नाही.